लोवेल प्रूइटचं चौथं कलम

लोवेल प्रूइटनं सव्वा वर्ष दुकानातल्या एकाही पिस्तुलाला हात लावला नाही, आणि त्याच सव्वा वर्षात पिस्तुलांतला सगळ्यात मोठा जाणकार म्हणून त्याचं नाव काउंटीभर झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही पिस्तुलं बघण्यात गुंतलो होतो.

डोयल केंपरचं दुकान हायवेच्या वळणावर आहे, पशुखाद्याच्या गोदामाला लागून. अर्ध्या दुकानात बंदुका, अर्ध्यात गळ आणि दोऱ्या, आणि मधोमध आमिषाच्या जिवंत माशांची टाकी, ती दिवसभर घुरघुरत असते. दर गुरुवारी सकाळी नवा माल घेऊन गाडी येते आणि गाडीच्या आधी तासभर माणसं येतात. सगळे निवृत्त. डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची फुकट मिळालेली टोपी, पोटाखाली पट्टा, पट्ट्याला पिस्तूल, हातात डोयलची पाणचट कॉफी. मिझुरीच्या या टेकड्यांत एवढ्या शस्त्रसज्ज माणसांनी एवढी वाईट कॉफी इतकी वर्षं मुकाट्यानं प्यायली, यातच आमचा स्वभाव किती शांत आहे ते कळावं.

काउंटरपुढे तीन उंच स्टुलं आहेत. बाकीच्यांनी उभं राहायचं. मधलं स्टूल लोवेलचं. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण चर्चच्या बाकांवर तरी कुणाची नावं कुठं लिहिलेली असतात?

लोवेल एकाहत्तरचा. काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर छत्तीस वर्षं ग्रेडर चालवला. पाऊस रस्ते धुऊन न्यायचा आणि लोवेल ते पुन्हा सपाट करायचा. या धंद्यात रस्ते सरळ झाले आणि लोवेलची बोटं वाकडी. अंगठ्याच्या बुडाशी तर अक्रोडाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी तिला नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि "जड काही ओढू नका" म्हणून सांगितलं. लोवेलनं गोळ्या घेतल्या आणि सल्ला तिथंच ठेवला.

आता डोयलच्या काउंटरवरची रीत सांगायला हवी. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, वरचा जो सरकता पोलादी भाग असतो, स्लाइड म्हणतात तो, देणाऱ्यानं मागं ओढायचा आणि आत गोळी नाही हे दाखवायचं. मग घेणाऱ्यानं तो स्वतः पुन्हा ओढून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. देणाऱ्यानं आत्ता तुमच्या नाकापुढं दाखवलं असलं तरी. सख्ख्या भावानं दिलं तरी. पाद्र्यानं दिलं तरी. "रिकामंच आहे असं म्हणणाऱ्यांपैकी एकानं माझ्या छताला भोक पाडलंय," असं डोयल म्हणतो. भोक अजून तसंच आहे. त्याच्याशेजारी त्यानं खडूनं तारीख आणि त्या माणसाचं नाव लिहून ठेवलंय. त्या माणसाचे भाऊ दुसऱ्या काउंटीत खरेदीला जातात.

रीत शहाणपणाची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती पाळायला स्लाइड ओढावी लागते. आणि एका सकाळी लोवेलला ती ओढता येईना.

ही गोष्ट झाली त्याच्या स्वयंपाकघरात. आधी त्यानं तेलाला दोष दिला. तेल बदललं. मग थंडीला दिला. पिस्तूल हीटरजवळ ठेवून बघितलं. मग "हल्लीच्या स्प्रिंगा" असं काहीतरी पुटपुटला, पिस्तूल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं होतं तरी. वॉनेटा, त्याची बायको, चुलीपाशी पावासारख्या मऊ बिस्किटांवर ओतायची ग्रेव्ही ढवळत हे सगळं ऐकत होती. शाळेच्या खानावळीत अठ्ठावीस वर्षं तिनं तीनशे पोरांचं जेवण रांधलं होतं. तिनं आच कमी केली, हात पुसले, पिस्तूल घेतलं, स्लाइड उजव्या मुठीत घट्ट धरली आणि दस्ता डाव्या हातानं पुढं ढकलला. खटाक.

"ओढतोस कशाला? धरून ठेव आणि ढकल."

"असं बायका करतात."

"म्हणून बायकांचं उघडतं. बिस्किटं गार होतायत, बस."

लोवेलनं मागच्या छपरीत जाऊन, दार लावून, बायकांसारखं करून बघितलं. तेही जमलं नाही. ढकलायला जोर होता, पण धरायला अंगठाच नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी प्रूइटांच्या टेबलावर बिस्किटं, ग्रेव्ही, कॉफी आणि भरलेलं पिस्तूल, या क्रमानं यायला लागलं. ते कमरेला लावून लोवेल दिवसभर गावाचं रक्षण करायचा. गेल्या अकरा वर्षांत आमच्या गावात एकच चोरी झाली. कुणीतरी मेथडिस्ट चर्चच्या फ्रीजमधलं हॅम नेलं. कुणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तो माणूसही गुरुवारी काउंटरपाशी उभा असतो.

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी डोयलनं नवं पिस्तूल उघडून दाखवलं आणि लोवेलपुढं धरलं. लोवेलनं दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. जरासा वाकला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ "हंऽऽ" केलं.

"घे की हातात," डोयल म्हणाला.

"कशाला? दिसतंय की. दस्त्याचा उतार चुकलाय."

"हातात न घेता कळलं तुला?"

"डोयल, मोटार रस्त्याच्या खाली कलंडलेली असेल तर ती चालवून बघावी लागते का?"

काउंटरवर एकदम शांतता पसरली. तशी शांतता फक्त मोठी माणसं बोलून गेल्यावर पसरते. मग एकेकानं मान वाकडी करून दस्त्याचा उतार बघितला आणि चुकलेला आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. तसलं पिस्तूल त्या महिन्यात एकही विकलं गेलं नाही.

असं सुरू झालं. जो तो पिस्तूल उघडतो, मिटतो, चाप दाबतो, भिंतीवरच्या हरणाच्या डोक्यावर नेम धरतो. अशा माणसाच्या मताला काय किंमत! पण एक माणूस खिशात हात घालून बसतो, आणि त्याला आतलं सगळं बाहेरून दिसतं. शेजारच्या गावातून लोक लोवेलला दाखवायला पिस्तुलं घेऊन यायला लागले. तो मान हलवायचा, ते हिरमुसून परत जायचे. एकदा एकानं विचारलं, "निदान वजन तरी बघा." लोवेल म्हणाला, "तुझा खांदा किती खाली गेलाय त्यावरून बघितलं."

काउंटरच्या खालच्या फळीवर, मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर, डोयलनं हलक्या स्लाइडची दोन-तीन पिस्तुलं ठेवलेली असायची. लहान पोरानंही उघडावीत अशी. ती घेताना प्रत्येक गिऱ्हाईक घसा खाकरून एकच सांगायचं, "बायकोसाठी हवंय." बायकोसाठी ती घेऊन गेलेल्यांत तिघं विधुर होते आणि एकानं लग्नच केलं नव्हतं. डोयलनं कधी कुणाला काही विचारलं नाही. चांगला दुकानदार आहे तो. लोवेललाही तसं एक नेता आलं असतं. पण खालच्या फळीला सगळ्यात जास्त शिव्या लोवेलच द्यायचा. "भाजीत मीठ घालायची डबी आहे ही," असं म्हणायचा. मग नेणार कसं?

आता इथं रँडल ओक्स येतो. रँडलनं आयुष्यभर विमा विकला. माणसाचं काय काय वाईट होऊ शकतं हे चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगून पोट भरलं, आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं आपल्याच बाबतीत होणार अशी त्याची खात्री पटली. कमरेला एक पिस्तूल, काखेत एक, घोट्याला एक. किराणा दुकानात दूध आणायला तो असा जायचा की जणू दूध ओलीस धरलंय. तो उजव्या हाताच्या स्टुलावर बसायचा, आणि मधलं स्टूल त्याच्यापासून दीड फुटावर होतं.

"लोवेल," एका गुरुवारी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तू हल्ली काही हातातच घेत नाहीस रे."

"घेण्यासारखं येत नाही."

"नाही म्हणजे, मी आपलं विचारलं. माझ्या सासऱ्याचं असंच झालं होतं. आधी पिस्तूल सुटलं, मग मोटारीची किल्ली सुटली."

कुणीतरी हसलं. लोवेलचे कान लाल झाले, आणि ते टोपीच्या खाली होते म्हणून सगळ्यांना दिसले.

त्याच दिवशी दुकानात कार्डं आली होती. पूर्वेकडच्या एका कंपनीनं गावोगावच्या दुकानांत ती पाठवली होती. वर छापलेलं: आमचं पुढचं पिस्तूल कसं असावं? तुम्ही सांगा, आम्ही बनवू. 

या एका वाक्यावरून कळतं की त्या कंपनीत आमच्या भागातला माणूस नोकरीला नव्हता.

कारण आमच्या लोकांना काय हवं असतं ते ऐका. पिस्तूल खिशात मावेल एवढं लहान हवं, पण धरलं की मूठ भरून चारही बोटं टेकली पाहिजेत. वजनाला काही नको, पण उडवल्यावर धक्का बसता कामा नये. गोळ्या सतरा, जाडी पाकिटाएवढी. प्लास्टिकचं नाव काढायचं नाही, अस्सल पोलाद आणि अक्रोडाचा दस्ता. किंमत मात्र प्लास्टिकची. बाहेर दिसणारा घोडा हवा, कारण आजोबांच्या पिस्तुलाला होता. वर लाल ठिपक्याची काच बसवायची सोय हवी, कारण शेजाऱ्याच्या पिस्तुलाला आहे. कळ दोन्ही बाजूंना हवी, डावखुऱ्यांच्या सोयीसाठी. असं टेबलावर मूठ आपटून सांगणाऱ्यांत डावखुरा एकही नाही. गोळ्या भरायची जुनी मॅगझिनं यात बसली पाहिजेत, अगदी दुसऱ्या कंपनीचीसुद्धा. थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वी बनायचं तस्संच हवं, पण आजवर कुणीच बनवलं नाही असं.

लोवेलला बारीक अक्षर काढता येत नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं आणि डोयलनं लिहिलं. सतरा कलमं झाली. कार्डाच्या मागंही लिहावं लागलं. तीन कलमं झाल्यावर लोवेलनं तिरक्या डोळ्यानं रँडलकडं बघितलं आणि आवाज चढवला.

"कलम चार. स्लाइडची स्प्रिंग कडक पाहिजे. हल्ली सगळं मऊ करत चाललेत. ज्याला उघडता येत नाही त्यानं पिस्तूल वापरू नये, विणकाम करावं. लिही, विणकाम."

"विणकाम लिहू?"

"ठळक लिही."

काउंटरवर टाळ्या पडल्या. रँडलनंही वाजवल्या, नाइलाजानं. त्या दिवशी दुकानातून सव्वीस कार्डं गेली आणि त्यांतल्या बावीस कार्डांवर चौथं कलम शब्दाला शब्द, विणकामासकट. लोवेलचा शब्द होता तो. मधल्या स्टुलावरून आलेला.

घरी गेल्यावर त्यानं वॉनेटाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती एका स्वेटरची बाही विणत होती. तिनं सुयांवरून नजर वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा बाहीकडं वळली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली की एवढं पुरतं.

पुढच्या मार्चमध्ये, गुरुवारी, भाड्याच्या मोटारीतून एक तिशीतली बाई उतरली. केस मागं बांधलेले, हातात करड्या रंगाची पेटी. हॅना प्रीबे. कंपनीची इंजिनियर. डोयलनं तिला कॉफी दिली आणि तिनं ती पूर्ण प्यायली, यावरून आमच्या मनात तिच्याबद्दल जरा आदर निर्माण झाला.

"यातले मिस्टर प्रूइट कोण?" तिनं विचारलं.

बारा बोटांनी लोवेल दाखवला.

"सर, तुमचं कार्ड आमच्या भिंतीवर लावलंय. चौथं कलम देशभरातून सगळ्यात जास्त वेळा आलं."

आलं ते आमच्याच दुकानातून, पण हे तिला सांगायची कुणाला गरज वाटली नाही. लोवेलनं खिशातल्या खिशात हात चोळले. "लोकांना कळतं," तो म्हणाला.

"सगळी सतरा कलमं एका पिस्तुलात बसवता येत नव्हती. आम्ही बघितलं बसवून, ते टोस्टरएवढं झालं. पण चौथं बसवलं. हे माझं पहिलंच डिझाइन आहे, सर. तुम्ही बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही असं मी वर सांगितलंय."

तिनं पेटी उघडली, पिस्तूल काढलं, दात आवळून स्लाइड मागं ओढली, गोळीचं रिकामं घर सगळ्यांना दाखवलं, स्लाइड सोडली. मग ते काउंटरवरच्या रबरी चटईवर लोवेलपुढं ठेवलं. रीत तिला ठाऊक होती. म्हणजे आता ओढायची पाळी लोवेलची.

लोवेल वाकला. डोळे बारीक केले. "हंऽऽ."

सगळे वाट बघत होते.

"दस्ता बरा आहे," तो म्हणाला. "नेम धरायची समोरची माशी जरा बुटकी वाटते. बाकी... हं. चांगलं आहे. चालू द्या."

"पण सर, मला तुमच्या हातात बघायचंय. स्प्रिंगबद्दल विचारायचंय."

"दिसतेय की कडक."

"स्प्रिंग आत असते, लोवेल," रँडल गोड आवाजात म्हणाला. "उचल की. तुझंच तर कलम आहे. आम्हाला कळू दे विणकाम कुणी करायचं ते."

आता खिशातून हात काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोवेलनं ते काढले. सव्वा वर्षात आम्ही त्याचे हात प्रथमच नीट बघितले. पण खरं सांगायचं तर बघितले नाहीत, आमचं लक्ष पिस्तुलाकडं होतं. त्यानं ते उचललं. डाव्या हाताची बोटं स्लाइडवर ठेवली आणि ओढलं. स्लाइड दाण्याएवढी सरकली आणि परत गेली. पुन्हा ओढलं. या वेळी तेवढीही सरकली नाही. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला.

तेव्हा लोवेल म्हणाला, "हे अडकलंय."

बस्स. एवढंच लागत होतं.

"अडकलंय!" दाराजवळचा एक म्हणाला. "मला बघताक्षणी वाटलं होतं."

"आजकाल काही नीट घासतच नाहीत."

"संगणकावर काढतात ना चित्रं, मग असंच व्हायचं."

"खटका बघ, खटकाच तिरका आहे."

दहा मिनिटं हे चाललं. चौदा माणसांनी, त्यांतल्या एकानंही हात न लावलेल्या पिस्तुलात एकवीस दोष काढले. एकाला तर रंगातसुद्धा खोट दिसली, पिस्तूल काळं होतं तरी. लोवेलचीच विद्या ती, आता सगळ्या दुकानाला आली होती. रँडलही गप्प बसला, कारण मधल्या स्टुलावरून शब्द आला होता आणि दुकान त्या शब्दामागं उभं होतं.

हॅनानं पिशवीतून एक छापील कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"'अडकलं' असं लिहू, सर?" तिनं हळू विचारलं. "चालेल मला. तुमचं नाव आहे म्हटल्यावर वरचे ऐकतील. सोमवारी सगळं काम थांबवतील."

"आणि तुमचं काय?" डोयलनं विचारलं.

"माझं पहिलंच आहे," ती म्हणाली. "दुसरं देतील की नाही माहीत नाही."

पेन कागदावर टेकलं होतं, पण तिची नजर कागदावर नव्हती. ती लोवेलच्या अंगठ्याकडं बघत होती. बुडाशी आलेल्या त्या गाठीकडं. लोवेलनं तिची नजर कुठं आहे ते बघितलं आणि त्याला कळलं की हिला कळलंय. तिनं ते बोलून दाखवलं असतं तर लोवेल चिडला असता, आम्ही सगळे चिडलो असतो, आणि त्या चिडण्यात सगळं निभावलं असतं. पण ती नुसती थांबून राहिली. लिहू की नको एवढंच विचारत.

आता बघा, माणसाला एका शब्दात सुटता येत होतं. "लिही" म्हणायचं, स्टुलावर सरसावून बसायचं, मरेपर्यंत जाणकार राहायचं. गाव त्याच्या बाजूनं. मोबदल्यात फक्त एका परक्या पोरीची नोकरी, आणि तीही पूर्वेकडच्या पोरीची. आमच्यापैकी निम्म्यांनी श्वासही न घेता "लिही" म्हटलं असतं.

"नको लिहूस," लोवेल म्हणाला.

"काय?"

"अडकलेलं नाहीये ते, पोरी. माझ्याच्यानं होत नाही."

कुणाला कळलं नाही. एक जण म्हणालाही, "अरे, अडकल्यावर कुणाच्यानं होणार?"

"माझ्याच्यानं कुठलंच उघडत नाही!" लोवेल ओरडला. "सव्वा वर्ष झालं. हे कमरेचंसुद्धा नाही. सकाळी वॉनेटा भरून देते."

चौदा माणसं चौदा वेगवेगळ्या ठिकाणी बघायला लागली. कुणी हरणाकडं, कुणी छताच्या भोकाकडं.

रँडल स्टुलावरून उतरला, चटईवरचं पिस्तूल उचललं आणि स्लाइड मागं ओढली. खटाक. सहज उघडली. त्यानं आत बघितलं, पुन्हा एकदा ओढली, आणि मग गरज नसताना आणखी एकदा. ते खटाक खटाक दुकानभर ऐकू गेलं.

"छान कडक आहे, मॅडम," रँडल म्हणाला. "माझ्या मते अजून कडक चालेल."

हॅनानं तेही लिहून घेतलं. मग लोवेलकडं वळून म्हणाली, "सर, तुम्हाला स्वतःला कसं हवंय?"

"म्हणजे?"

"पिस्तूल."

लोवेल गोंधळला. सतरा कलमं दिली होती त्यानं. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांतल्या एकाही कलमात नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"मला उघडता येईल असं," तो म्हणाला.

तिनं पेटीचा तळ उचलला. खाली आणखी दोन स्प्रिंगा होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या. "मी आधी मऊच लावली होती," ती म्हणाली. "मग तुमची कार्डं आली."

कार्डं पाठवणाऱ्यांनी एकेक करून कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं.

पुढचा तासभर दोघं माशांच्या टाकीच्या झाकणावर बसून ते पिस्तूल खोलत-जोडत होते. पहिली स्प्रिंग जरा बरी. दुसरी आणखी बरी. स्लाइडच्या मागच्या टोकाला बोटं धरायला दोन लहान कान काढले तर अंगठा लागणारच नाही, हे लोवेलनं सुचवलं. ग्रेडरच्या लिव्हरला त्यानं स्वतः तसे कान जोडून घेतले होते. हॅनानं लगेच तसं चित्र काढलं, आणि तोवर तात्पुरतं म्हणून डोयलच्या मासेमारीच्या सामानातली वायर गुंडाळून दोन कान तयार केले. बाकीच्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. पिस्तुलाचा रंग काळा असावा की मातकट यावर काउंटरपाशी जोरात वाद पेटला होता.

चौथ्या प्रयत्नात स्लाइड मागं आली आणि तिथंच अडकून राहिली. या वेळी खरोखरची, अडकायला हवी तशी. लोवेल बराच वेळ आत बघत बसला. आत काहीच नव्हतं. मग तो उठला, काउंटरपाशी गेला आणि डोयलपुढं धरलं. डोयलनं चष्मा लावला, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "रिकामं आहे." रोज पन्नासदा म्हणतो तसंच म्हणाला. त्याबद्दल लोवेल अजून त्याचे उपकार मानतो.

"सांगितलंस?" घरी वॉनेटानं विचारलं. गावात बातमी मोटारीपेक्षा आधी पोचते.

"सांगितलं."

"माझं नाव घेतलंस?"

"घ्यावं लागलं."

"रँडलच्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, तुमच्या घरात पिस्तूल तू चालवतेस म्हणे." वॉनेटानं भांडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "मी म्हटलं, पिस्तूलच काय, मोटार, हिशेब आणि नवराही. ती म्हणाली, आमच्याकडंही असंच आहे, फक्त रँडलला अजून कळलेलं नाही."

लोवेल हसला नाही. जेवला मात्र नीट.

त्या गुरुवारनंतर मधल्या स्टुलावर रँडल बसायला लागला. कुणी त्याला बसवलं नाही, कुणी लोवेलला उठवलं नाही. लोवेल आला तेव्हा रँडल तिथं बसलेला होता, एवढंच.

वर्षभरानं ते पिस्तूल बाजारात आलं. मऊ स्प्रिंग, मागं दोन कान, आणि माहितीपत्रकात एक वाक्य: वापरणाऱ्यांच्या सूचनेवरून. आमच्या काउंटरनं ते पहिल्याच सकाळी मोडीत काढलं. कान कुरूप आहेत. स्प्रिंग मऊ आहे. कंपन्या आपल्यासारख्यांचं ऐकतच नाहीत, असं चौथं कलम पाठवणाऱ्या बावीसपैकी वीस जण म्हणाले. रँडल तर खिशात हात घालून म्हणाला की त्याला ते उघडून बघायचीही गरज वाटत नाही, आणि काउंटरवर पुन्हा ती शांतता पसरली.

लोवेलनं एक घेतलं. स्वतःसाठी हवंय, असं डोयलला सांगितलं. डोयल जरा चमकला. बावीस वर्षांच्या धंद्यात मऊ स्प्रिंगच्या पिस्तुलाबद्दल हे वाक्य त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता लोवेल सकाळी स्वतःच भरतो. गुरुवारी दुकानात येतो, माशांच्या टाकीपाशी उभा राहतो, आणि कुणी विचारलं तर त्या एकाच पिस्तुलाबद्दल बोलतो. ते नेम डावीकडं किंचित ओढतं, तिसरी गोळी भरताना मॅगझिनला थाप मारावी लागते, आणि थंडीत बोटं आखडली तरी उघडतं. हे सगळं त्यानं रोज हाताळून बघितलेलं आहे, आणि म्हणूनच ते कुणी ऐकत नाही.

त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं लोवेल म्हणतो. वॉनेटा म्हणते, वाटतं.